लहान शहरात भाड्याचे परवडणारे घर : शोध, खर्च आणि करार

बदलीचा आदेश हाती पडला की नोकरदार माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो घराचा. मुंबई, पुणे किंवा बंगळुरूसारख्या महानगरात घर महाग असते, पण ते शोधण्याचे मार्ग ठरलेले असतात. दलालांची कार्यालये, वृत्तपत्रांतील छोट्या जाहिराती, संकेतस्थळे यांतून चार-आठ दिवसांत काही ना काही हाती लागते. तालुक्याच्या गावी किंवा लहान शहरात परिस्थिती नेमकी उलट असते. तेथे भाडे कमी असते, पण घर सापडत नाही. रिकामी घरे डोळ्यांसमोर दिसतात, त्यांना कुलुपे असतात, आणि चौकशी केल्यावर "देण्याचा विचार नाही" असे उत्तर मिळते.

लहान शहरांतील भाड्याचा व्यवहार आजही मुख्यतः ओळखीवर चालतो. ज्याची गावात ओळख आहे त्याला चांगले घर कमी भाड्यात मिळते. ज्याची ओळख नाही त्याला तेच घर महाग पडते, किंवा मिळतच नाही. नव्याने रुजू झालेली परिचारिका, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, परप्रांतातून आलेला कामगार, एकटी राहणारी महिला यांची अडचण येथूनच सुरू होते. ओळखीचा हा अभाव कशाने भरून काढता येईल, आणि स्वस्त वाटणारे घर खरोखर परवडते किंवा नाही हे कसे तपासावे, याचा हा आढावा.

देशातील चित्र

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ८६.६ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात, तर ११.१ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. नागरी भागात भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २७.५ टक्के होते. याच जनगणनेत देशभरातील सुमारे ३३ कोटी ८ लाख जनगणना घरांपैकी सुमारे २ कोटी ४७ लाख घरे रिकामी आढळली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ११ लाख घरे नागरी भागात होती. जनगणनेच्या व्याख्येत दुकाने आणि कार्यालये यांचाही समावेश होत असल्याने ही सर्वच राहण्याजोगी घरे होती असे म्हणता येणार नाही. तथापि, एकीकडे घराच्या शोधात फिरणारी माणसे आणि दुसरीकडे बंद घरे, हा विरोधाभास या आकड्यांवरून स्पष्ट होतो.

या विरोधाभासाला ऐतिहासिक कारण आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने अनेक जागांचे प्रमाणित भाडे १९४० च्या पातळीशी बांधले. महागाई वाढत गेली, भाडे मात्र तेथेच राहिले. भाडेकरूला घराबाहेर काढणेही अवघड होते. त्यामुळे घरमालक 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे अनुज्ञप्ती कराराकडे वळले. परंतु १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा कराराने राहत असलेल्यांनाही भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. 'एकदा दिलेले घर परत मिळत नाही' ही भीती घरमालकांच्या मनात तेव्हापासून खोलवर रुजली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी कालबाह्य आणि अवाजवी ठरविल्या. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अस्तित्वात आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

नव्या कायद्यात घरमालकाला मुदतीनंतर घर परत मिळण्याची सोय आहे. मात्र कायदा बदलला म्हणून भीती लगेच जात नाही. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात स्थायिक झालेला मुलगा गावाकडचे घर बंद ठेवणे पसंत करतो, ते याच भीतीपोटी. घर शोधणाऱ्याने ही भीती समजून घेतली, तर घरमालकाशी बोलणे सोपे जाते.

कराडचे उदाहरण

सातारा जिल्ह्यातील कराड हे अशा शहराचे उत्तम उदाहरण ठरावे. कृष्णा आणि कोयना नद्यांच्या संगमावर वसलेले हे शहर मुंबई-बंगळुरू महामार्गावर आहे. १९६० मध्ये स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, लगतच्या मलकापूर येथील कृष्णा रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय, परिसरातील साखर कारखाने, बँका आणि शासकीय कार्यालये यांमुळे येथे बाहेरगावच्या माणसांचा राबता कायम असतो.

अशा शहरात भाड्याच्या घरांचे साधारणतः तीन पट्टे पडतात. पहिला पट्टा जुन्या पेठांचा. येथे वाड्यांतील खोल्या आणि जुन्या इमारतींतील घरे मिळतात. बाजार, बसस्थानक आणि दवाखाने जवळ असतात, पण वाहन लावण्यास जागा नसते आणि काही ठिकाणी शौचालय सामाईक असते. दुसरा पट्टा शिक्षणसंस्था आणि रुग्णालये यांच्या भोवतालचा. कराडमध्ये नदीपलीकडचे विद्यानगर-सैदापूर आणि महामार्गालगतचे मलकापूर ही त्याची उदाहरणे होत. येथे वन आरके, वन बीएचके सदनिका आणि विद्यार्थ्यांसाठी कॉट बेसिसवरील खोल्या अधिक असतात. तिसरा पट्टा शहराबाहेरच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतला. येथे नवी बांधकामे होतात, भाडे कमी असते, पण पाणी, रस्ता आणि रात्रीची वाहतूक यांची खात्री नसते.

सांगली जिल्ह्यातील विटा असो, विदर्भातील वरूड असो, किंवा मध्य प्रदेश आणि कर्नाटकातील एखादे तालुक्याचे गाव असो, थोड्याफार फरकाने हीच रचना आढळते. त्यामुळे गावात पाऊल ठेवल्यावर प्रथम घर न शोधता हे तीन पट्टे समजून घ्यावेत. एखादी दुपार त्यासाठी खर्ची घातली तर पुढचे अनेक हेलपाटे वाचतात.

शोध केव्हा आणि कसा

लहान शहरात घरे रिकामी होण्याचा हंगाम असतो. एप्रिल-मेमध्ये परीक्षा संपतात, विद्यार्थी खोल्या सोडतात आणि याच सुमारास सरकारी बदल्यांचे आदेश निघतात. जूनच्या मध्यानंतर शाळा-महाविद्यालये सुरू झाली की मागणी एकदम वाढते. शक्य असल्यास मे महिन्यातच घर निश्चित करणे हिताचे ठरते. ऑगस्टनंतर मागणी ओसरते. ज्यांना तातडी नाही त्यांना तेव्हा भाड्याबाबत घासाघीस करता येते.

लहान शहरातील बहुतांश घरे जाहिरातीत येत नाहीत. 'खोली भाड्याने देणे आहे' एवढीच पाटी फाटकावर लटकत असते, किंवा तीही नसते. म्हणून पुढील मार्ग अधिक उपयोगी पडतात.

ज्या कार्यालयात, रुग्णालयात किंवा महाविद्यालयात रुजू व्हायचे आहे तेथील शिपाई, लिपिक आणि वसतिगृहाचे अधीक्षक यांच्याकडे प्रथम चौकशी करावी. बदलून जाणाऱ्या कर्मचाऱ्याचे घर नव्याने येणाऱ्याला मिळणे ही अनेक ठिकाणची जुनी रीत आहे.

किराणा दुकानदार, दूधवाला, वृत्तपत्र विक्रेता, इस्त्रीवाला आणि खानावळचालक यांना कोणाचे घर रिकामे झाले हे सर्वांत आधी कळते. ज्या भागात राहायचे आहे तेथेच दोन दिवस जेवण घ्यावे आणि बोलता बोलता विचारावे.

बंद घर दिसल्यास शेजाऱ्यांकडे मालकाचा संपर्क मागावा. मालक परगावी असेल, तर नोंदणीकृत करार करण्याची तयारी पहिल्याच संभाषणात सांगावी. घर परत मिळण्याची खात्री पटली की नकार देणारा मालकही विचार करू लागतो.

दलालाची मदत घेण्यास हरकत नाही. मात्र दलाली किती आणि कोणत्या टप्प्यावर द्यायची हे घर पाहण्यापूर्वीच ठरवावे. संकेतस्थळावरील जाहिरातीवरून घर प्रत्यक्ष न पाहता, मालकाची खातरजमा न करता आगाऊ रक्कम पाठवू नये. 'मी परगावी आहे, टोकन पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असे सांगून फसवणूक करण्याचा प्रकार आता लहान शहरांपर्यंत पोहोचला आहे.

कमी भाडे आणि परवडणारे घर

भाडे कमी म्हणजे घर परवडणारे, असा समज करून घेतल्यास हिशेब चुकतो. घराचा खरा खर्च म्हणजे भाडे, प्रवास, पाणी, वीज, देखभाल आणि दलाली यांची बेरीज. एका काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

समजा, रुग्णालयाजवळील एका खोलीचे भाडे दरमहा ७,५०० रुपये आहे. तेथे पाणी मिळते, कामावर पायी जाता येते आणि घर ओळखीतून, दलालीविना मिळते. दुसरे घर शहराबाहेर ८ किलोमीटरवर आहे आणि त्याचे भाडे ५,५०० रुपये आहे. वरवर पाहता दुसऱ्या घरात दरमहा २,००० रुपयांची बचत दिसते.

आता उरलेला खर्च मोजू. जाऊन-येऊन रोज १६ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ४०० किलोमीटर. दुचाकी लिटरमागे ४५ किलोमीटर जाते असे मानले तर सुमारे ९ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०० रुपये धरले तरी ९०० रुपये झाले. पिण्याच्या पाण्याच्या जारसाठी ३०० रुपये. घरमालक सब-मीटरवर युनिटमागे प्रत्यक्ष दरापेक्षा ४ रुपये जास्त आकारत असेल, तर ९० युनिटांचे ३६० रुपये. एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली ११ महिन्यांवर विभागली तर दरमहा ५०० रुपये. ही सर्व बेरीज ७,५६० रुपये होते. स्वस्त घर प्रत्यक्षात ६० रुपयांनी महाग ठरले, शिवाय रात्रपाळीनंतर आठ किलोमीटरचा प्रवास आलाच.

प्रत्येकाचे आकडे वेगळे असतील, पण घर निश्चित करण्यापूर्वी अशी बेरीज कागदावर मांडून पाहावी. नोकरदारांनी आपल्याला मिळणाऱ्या घरभाडे भत्त्याशीही तिची तुलना करावी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी लहान शहरे 'झेड' वर्गात मोडतात. १ जानेवारी २०२४ पासून या वर्गातील भत्ता मूळ वेतनाच्या १० टक्के झाला, तर महानगरांच्या 'एक्स' वर्गात तो ३० टक्के झाला. लहान शहरातील भाडे कमीच असणार, हे यामागील गृहीतक आहे. महाविद्यालय किंवा मोठे रुग्णालय असलेल्या गावात ते नेहमीच खरे ठरत नाही.

पाणी, वीज आणि पूररेषा

घराची पाहणी शक्यतो सकाळी नळाला पाणी येण्याच्या वेळी करावी. पाणी किती दिवसांआड येते, किती वेळ येते, साठवणाची टाकी किती मोठी आहे, बोअरवेल उन्हाळ्यात चालते किंवा नाही, आणि टँकर आणावा लागल्यास त्याचा खर्च कोणी द्यायचा, हे प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. मालकापेक्षा आधीच्या भाडेकरूचे किंवा शेजाऱ्याचे उत्तर अधिक विश्वसनीय असते. एकाच शहराच्या दोन हद्दींत पाण्याची स्थिती किती भिन्न असू शकते हे कराड परिसरातही दिसते. लगतच्या मलकापूरने २००० च्या दशकाच्या अखेरीस मीटर पद्धतीने चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना राबविली आणि तिची चर्चा देशभर झाली.

विजेबाबत एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. महावितरणचे घरगुती वीजदर टप्प्यांनुसार वाढतात. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो आणि १०१ ते ३०० युनिटांचा त्याहून बराच जास्त. दोन कुटुंबे स्वतंत्र मीटरवर प्रत्येकी ९० युनिटे वापरत असतील तर दोघांनाही पहिल्या टप्प्याचा दर लागतो. तीच कुटुंबे एका मीटरवर असतील तर एकूण वापर १८० युनिटे होतो आणि त्यांतील ८० युनिटांना दुसऱ्या टप्प्याचा दर पडतो. म्हणून स्वतंत्र मीटर असलेल्या घराला प्राधान्य द्यावे. ते नसल्यास मूळ देयक पाहून सब-मीटरच्या नोंदीप्रमाणे वाटणी करण्याची पद्धत करारात लिहून घ्यावी.

नदीकाठच्या शहरांत पुराची चौकशी अनिवार्य समजावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनी कृष्णा खोऱ्यातील हजारो कुटुंबांना घरे सोडण्यास भाग पाडले. घर निळ्या किंवा लाल पूररेषेच्या आत आहे का, हे नगरपालिकेत विचारता येते. २०१९ मध्ये पाणी कोठवर आले होते, हा प्रश्न गल्लीतील कोणत्याही ज्येष्ठ व्यक्तीला विचारावा. अशा भागात तळमजल्याचे भाडे कमी का, याचे उत्तर बहुधा तेथेच मिळते.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका असेल तर देखभाल खर्च कोण देणार हे ठरवावे. भाडेकरू ठेवल्याबद्दल संस्था मालकाकडून जे बिगर-भोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा महाराष्ट्र शासनाचा ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. त्यापेक्षा मोठा आकडा सांगून कोणी भाडे वाढवीत असेल, तर तो मुद्दा चर्चेत आणता येतो.

अकरा महिन्यांचा गैरसमज

घर पसंत पडले, भाडे ठरले, की बहुतेक ठिकाणी विषय तेथेच संपतो. "आपण काय परके आहोत का?" असे म्हणून कागद टाळला जातो, किंवा मुद्रांकावर अकरा महिन्यांचा करार लिहून नोटरीचा शिक्का घेतला जातो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज देशभर पसरलेला आहे. नोंदणी कायदा, १९०८ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिन्यांची प्रथा त्यातून पडली.

महाराष्ट्रात मात्र हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा कोणताही करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसताना वाद उद्भवला, तर घर ज्या अटींवर घेतले त्याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

याच कायद्याचे कलम २४ घरमालकाच्या हिताचे आहे. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही राहणाऱ्याने घर सोडले नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि त्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळू शकते. राहणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे की अशा करारान्वये तो भाडेकरू ठरत नाही. त्याला ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी असते.

खर्चाच्या भीतीने नोंदणी टाळली जाते, पण हा खर्च तुलनेने अल्प आहे. महाराष्ट्रात अशा करारावर एकूण मुदतीचे शुल्क आणि परतावा अनामतीवरील वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. भाडे दरमहा ६,००० रुपये, अनामत २०,००० रुपये आणि मुदत ११ महिने असेल, तर हे शुल्क दोनशे रुपयांच्या घरात जाते. नोंदणी फी नागरी भागात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. म्हणजे शहरातही सुमारे १,२०० रुपये, एका महिन्याच्या भाड्याचा पाचवा भाग. करार ६० महिन्यांपर्यंतचा करता येतो. तीन वर्षे राहायचे निश्चित असेल तर ३६ महिन्यांचा करार करून दरवर्षीची भाडेवाढ त्यातच नमूद करावी. नोंदणी फी एकदाच लागते आणि भाडेवाढीचा वादही टळतो. आधार क्रमांक आणि बोटांच्या ठशांच्या आधारे ऑनलाइन नोंदणीची सोय असल्याने परगावच्या मालकालाही दुय्यम निबंधक कार्यालयात येण्याची गरज उरलेली नाही. नोंदणी करून देणाऱ्या सेवादात्याची फी वेगळी असते. ती आधी विचारून घ्यावी.

करारात काय असावे

करारात भाड्याची रक्कम आणि देय तारीख, अनामत आणि ती परत करण्याची मुदत, घर सोडण्यापूर्वी द्यावयाच्या सूचनेचा कालावधी, वीज व पाणी यांच्या आकारणीची पद्धत, घरपट्टी कोणाकडे, आणि दुरुस्तीची जबाबदारी एवढ्या बाबी स्पष्ट असाव्यात. गळके छत, भिंतीची भेग, बाहेरील रंगकाम हे मालकाचे काम. नळाची चकती, बटण, तुंबलेली मोरी हे राहणाऱ्याचे. हीच सर्वसाधारण विभागणी केंद्राच्या आदर्श भाडे कायद्यातही सुचविलेली आहे.

घराचा ताबा घेताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत, पंखे, दिवे, नळ यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि मीटरची नोंद लिहून ठेवावी. अनामत परत करताना होणारे बहुतेक वाद या एका पानाने मिटतात. भाडे शक्यतो बँकेमार्फत द्यावे. रोख दिल्यास पावती घ्यावी. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे अनेक जिल्ह्यांत सक्तीचे असते. त्याचीही पूर्तता करून पोच जवळ ठेवावी.

नोंदणीकृत कराराचा उपयोग वादापुरता मर्यादित नाही. आधार पत्रावरील पत्ता बदलणे, मतदार यादीत नव्या ठिकाणी नाव नोंदविणे, बँकेतील पत्ता अद्ययावत करणे यांसाठी तो पुरावा ठरतो. शिक्षण हक्क कायद्यान्वये खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश घेताना महाराष्ट्रात भाड्याच्या घरात राहणाऱ्या पालकांकडून नोंदणीकृत करारच मागितला जातो. करार नसेल तर मुलाचा हक्क असूनही अर्ज अडतो. कागद टाळल्याची किंमत कधीकधी घराशी संबंध नसलेल्या ठिकाणी मोजावी लागते.

ज्यांना घर नाकारले जाते

ओळखीवर चालणाऱ्या व्यवहाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. घर दाखविण्यापूर्वी आडनाव विचारले जाते, खाण्यापिण्याच्या सवयी विचारल्या जातात, "एकट्या मुलीला देत नाही" किंवा "फक्त कुटुंबालाच" असे सांगितले जाते. जात, धर्म, वैवाहिक स्थिती यांवरून मिळणारा नकार बहुधा तोंडी आणि आडवळणाचा असतो. "घर कालच दिले" या वाक्यापुढे दाद मागणे कठीण होते. परिणामी ज्यांचे उत्पन्न कमी त्यांनाच गावाबाहेरचे, गैरसोयीचे आणि एकूण खर्चात महाग घर घ्यावे लागते.

अशांसाठी संस्थात्मक मार्ग महत्त्वाचे ठरतात. आपल्या रुग्णालयाकडे किंवा महाविद्यालयाकडे निवासस्थानाची लेखी मागणी करावी, किंवा घरमालकाला दाखविण्यासाठी सेवेचे प्रमाणपत्र घ्यावे. नोकरदार महिलांसाठी केंद्राच्या 'सखी निवास' योजनेतून वसतिगृहे चालविली जातात. महाराष्ट्रात शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, तर अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. या योजनांतून निवास आणि भोजनाचा खर्च थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. आपले गाव आणि अभ्यासक्रम योजनेत बसतो का, हे समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाच्या कार्यालयात विचारावे.

महाराष्ट्राबाहेर

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपल्या राज्याचा कायदा वेगळा आहे हे ध्यानात ठेवावे. गोव्यात १९६८ चा, मध्य प्रदेशात १९६१ चा, तर दिल्लीत १९५८ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्यामुळे इंदूरमधील अकरा महिन्यांचा करार आणि कराडमधील अकरा महिन्यांचा करार यांना एकच नियम लागू होत नाही.

यात एकसूत्रता यावी या हेतूने केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडे कायद्याला मंजुरी दिली. राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक नसावी, घरात येण्यापूर्वी मालकाने २४ तास आधी सूचना द्यावी, आणि वाद सोडविण्यासाठी भाडे प्राधिकारी व भाडे न्यायालय असावे, या त्यातील प्रमुख तरतुदी होत. मात्र हा केवळ नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. उत्तर प्रदेश आणि आसाम यांनी २०२१ मध्ये या धर्तीवर कायदे केले. तमिळनाडूत २०१७ चा स्वतंत्र कायदा असून त्यात अनामतीची मर्यादा तीन महिन्यांच्या भाड्याइतकी आहे.

भाड्याच्या घरांसाठी केंद्राने जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडे गृहसंकुलांच्या योजनेला मंजुरी दिली. शासकीय निधीतून बांधलेली पण रिकामी पडून असलेली घरे स्थलांतरित कामगारांना भाड्याने देणे, हा तिचा एक भाग होता. १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-नागरी २.० मध्येही भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे आणि त्यात कामगार, नोकरदार महिला व विद्यार्थी यांचा विचार केलेला आहे. आपल्या नगरपालिकेत अशी घरे आहेत का, ही चौकशी करण्यास काहीच खर्च येत नाही.

लहान शहरातील ओळख ही चांगली गोष्ट आहे. आजारपणात शेजारी धावून येतो, भाडे दोन दिवस पुढे गेले तरी मालक समजून घेतो, तो याच ओळखीमुळे. परंतु नव्याने आलेल्या माणसाजवळ ती नसते, आणि ती निर्माण होईपर्यंत त्याला डोक्यावर छप्पर हवेच असते. नोंदणीकृत करार या मधल्या काळात ओळखीचे काम करतो. मालकाला घर परत मिळेल याची, आणि राहणाऱ्याला ठरलेल्या मुदतीपर्यंत घर सुटणार नाही याची, दोघांनाही हमी मिळते. घर पाहायला जाताना "करार मी नोंदवून घेईन" हे वाक्य सोबत न्यावे. बंद घराचे कुलूप उघडण्याची शक्यता त्याने वाढते.